आठवा प्रदेश

एस्पेरांसाबायने काउंटरवर ठेवली
पावाच्या पिशवीत गुंडाळलेली एक तबकडी
आणि शेजारी कुवेतहून आलेला प्लेअर,
त्याच्या वायरी तिने बांधल्या होत्या
शाळेच्या युनिफॉर्मांच्या निळ्या चिंध्यांनी.
"म्हजो घोव आसा तातूंत, गुरुदास. दाखय मात्सो."

कुंकळ्ळीच्या बाजारात सहा फुटांचं माझं दुकान.
मिक्सर, इस्त्र्या, आणि आता हे.
कव्हरच्या पाठीवर पृथ्वीचा इवलासा गोल,
गोलात आकडा, आठ.
वीस वर्षांत मी आठ पाहिला नव्हता.

तिला म्हटलं, कंपन्यांनी जग बेतून कापलंय, बाय,
तुम्ही कापड कापता तसं.
अमेरिका एक.
युरोप, आखात आणि जपान मिळून दोन,
का ते मला विचारू नका.
आपण पाच. रशियाही पाच,
म्हणून मोरजीला उतरलेल्या रशियनाचा सिनेमा
आपलं यंत्र काही न विचारता घरात घेतं
आणि सख्ख्या मावशीने लिस्बनहून धाडलेला
दारातच अडवतं.

"आनी आठ म्हळ्यार खंय?"

आठ म्हणजे जहाजं. विमानं.
खाली जमीन नसते तो सगळा मुलूख.

ती जरा वेळ काही बोलली नाही.
मग अंगठ्याने पेरं मोजू लागली.
कुवेत, तिथे स्वयंपाकी.
मग बोट, सात वर्षं.
मग पासपोर्टापुरतं लिस्बन, तीन महिने म्हणून गेला तो अकरा.
आता स्विंडन, गोदामात, रात्रपाळी,
फोन येतो रविवारी, कधी येत नाही.
चार पेरं झाली. अंगठा पाचव्यावर थांबला.

तेव्हा मी तिला हे सांगितलं नाही
की संगणकाला प्रदेश बदलायला मिळतो
फक्त पाच वेळा.
पाचव्यांदा जो आकडा पडेल
तो त्याला मरेपर्यंत.

प्लेअर त्यापेक्षा भोळे.
माझ्या वहीत त्यांची गुपितं आहेत, कंपनीवार,
काही पानांवर चहा सांडलाय.
ट्रे उघडायचा, रिमोटवर चार आकडे दाबायचे,
शेवटी शून्य.
शून्य म्हणजे कुठलंही चालेल.

आणि सुरू झाली ती जहाजावरची फिल्म,
प्रवाशांना केबिनमध्ये दाखवतात ती,
बुडायची वेळ आली तर काय करावं.
चौथ्या मिनिटाला लुझियान.
नारिंगी जॅकेट डोक्यातून घालतो,
पट्टा ओढतो, शिट्टी दाखवतो, फुंकत नाही.
बोलतोय दुसराच कुणीतरी, साहेबी आवाजात.
लुझियान हसतो, अकरा सेकंद,
सांगितलंय म्हणून हसावं तसं.

मला वाटलं, आता रडेल.
ती स्टूल पुढे ओढून बसली,
बोट नेलं काचेवर,
चेहऱ्याशी नाही, मनगटाशी.
"थांबय."
मी थांबवलं.
"कंपनीन दिल्लो कोट. हात लांब जाताले.
ही शिवण म्हजी."

चित्र थरथरत होतं, बाहीची कड म्हणजे चार ठिपके.
मला काही टाका दिसला नाही.
ती म्हणाली, दिसतो,
आणि एका ठिकाणी सुटत आलाय,
कुणी घालून दिलेला नाही.

तीनदा पाहिलं तिने.
पैसे नको म्हटलं तर रागावली,
सुट्टी नाणी मोजून ठेवली,
वायरींना पुन्हा त्याच निळ्या चिंध्या बांधल्या
आणि दुकानाच्या पडद्याची उसवलेली कड बोटाने चाचपून गेली,
उद्या पोरीला पाठवते म्हणाली.

रात्री हिशेब लिहून मी संगणक बंद केला.
गिऱ्हाइकांपायी चार वेळा बदललाय त्याचा प्रदेश,
एक बारी शिल्लक आहे.
त्याच्याखालच्या खणात
माझ्या बापाचा पोर्तुगीज जन्मदाखला,
शिक्के मारून, सही होऊन आलेला,
गेल्या मार्चपासून.
खण नीट लागत नाही.
मी तो गुडघ्याने आत ढकलला
आणि शटर ओढलं.